विचारा की! : एकट्यानं नायगारा, तोही एका दिवसात

या महिन्यात आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्न परदेशात शिकायला गेलेल्या पोरांचे, नाहीतर इकडं बसून काळजी करणाऱ्या त्यांच्या आयांचे आहेत, आणि त्यातले बरेच फिरून फिरून नायगाऱ्यावरच येतात. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले, बँकेच्या लॉकरवाल्या काकांनी रागावू नये, पुढच्या अंकात तुमचाच नंबर पहिला. मी शाळेत भूगोल शिकवायची आणि लेक तिकडं असल्यामुळं तो धबधबा वेगवेगळ्या मोसमात बघून झालाय, त्यामुळं जे सांगते ते पुस्तकातलं थोडं आणि पायाखालचं जास्त.

प्रश्न : मावशी नमस्कार. मी अनगोळचा, सध्या टोरंटोत स्कारबरोला राहून कॉलेज करालोय. येऊन वर्ष होत आलं पण अजून नायगारा बघितला नाही, घरचे फोनवर दर वेळी तेच विचारतात, बघितलास काय म्हणून. रूमवरची पोरं सगळी वीकेंडला कामाला, कुणाची शिफ्ट दुकानात कुणाची गोदामात, प्लॅन ठरतो आणि कॅन्सल होतो. आता एकटाच जाऊन येऊ काय असं वाटालंय, पण एकट्यानं जाऊन करायचं काय, फोटो कोण काढणार आणि एका दिवसात होतंय काय ते? पैसे पण जपूनच खर्चायचे आहेत. — एक विद्यार्थी, अनगोळ (सध्या टोरंटो)

उत्तर : जा की रे बाळा, कुणाची वाट बघत बसलास! ग्रुप जमायची वाट बघत डिग्री संपवलेली आणि नायगारा न बघताच दुसऱ्या गावाला नोकरीला गेलेली पोरं मला माहीत आहेत. आणि धबधबा ही एकट्यानं बघायलाच बरी गोष्ट आहे, तिथं एवढा आवाज असतो की बोलायला कुणी असलं काय आणि नसलं काय.

एका दिवसात होतं, आरामात होतं. पण एक गोष्ट आधी डोक्यात फिट कर. दिवस आखायचा तो तिकीट खिडक्यांवरून नाही, दोन टाइमटेबलांवरून आखायचा, एक रेल्वेचं आणि एक पाण्याचं. होय, पाण्याचं. त्याला टाइमटेबल असतं, ते पुढं सांगते.

आधी रेल्वे. युनियन स्टेशनवरून गो ट्रान्झिटची गाडी थेट नायगारा फॉल्सला जाते, दोन ते अडीच तास धर. शनिवार-रविवारी दहा डॉलरचा वीकेंड पास मिळतो, त्यात दिवसभर गोच्या गाड्या-बस कितीही वापरता येतात, म्हणजे स्कारबरोहून युनियनला येणं पण त्यातच बसलं. थेट गाड्या मोजक्याच असतात आणि सीझनप्रमाणे वेळा बदलतात, म्हणून आदल्या रात्री साईटवर बघायचं, गेल्या वर्षी मित्रानं सांगितलेल्या वेळेवर विसंबायचं नाही. थेट गाडी चुकली तरी घाबरू नको, लेकशोर वेस्टच्या गाडीनं बर्लिंग्टनला उतरायचं आणि तिथून १२ नंबरची गोची बस धरायची, ती नायगाऱ्याला नेऊन सोडते.

जाताना सेंट कॅथरिन्सच्या पुढं गाडी मध्येच थांबली तर वैतागू नको, उलट खिडकीतून बाहेर बघ. तिथं वेलंड कॅनॉल आडवा येतो. नायगारा नदी ईरी सरोवरातून निघून ऑन्टारिओ सरोवरात पडते, पण मध्ये धबधबा असल्यामुळं जहाजाला त्या वाटेनं जाता येत नाही, म्हणून शेजारून ४३ किलोमीटरचा कालवा खणलाय आणि ८ लॉक, म्हणजे दारं लावून पाणी चढवायचे-उतरवायचे हौद बांधलेत, त्यातनं जहाजं जवळजवळ १०० मीटर वर चढतात नाहीतर खाली उतरतात. जहाज आलं की रेल्वेचा पूल उचलतात. आपल्याकडं टिळकवाडीच्या गेटात आपण रेल्वेसाठी थांबतो, तिथं रेल्वे जहाजासाठी थांबते, एवढाच फरक. माझ्या मते ते जहाज बघायला मिळणं हे नशीबच, पण परतीच्या वेळी कुणाला अमुक वाजता भेटतो असा शब्द देऊन ठेवू नको.

स्टेशन ब्रिज स्ट्रीटवर आहे आणि मोठा धबधबा तिथून साधारण तीन-चार किलोमीटर. वीगो नावाची बस आहे, पण तू तरणा पोरगा आहेस, जाताना चालत जा. नदीच्या कडेकडेनं रस्ता आहे, डाव्या हाताला खोल घळ आणि तळाशी हिरवं पाणी. आधी रेनबो ब्रिज लागतो, १९४१ सालचा, पलीकडं अमेरिका. मग नदीच्या पलीकडच्या काठावर अमेरिकन फॉल्स दिसतो, त्याच्या शेजारी एक चिंचोळी धार आहे ती ब्रायडल व्हेल, आणि पुढं गेलं की नालेच्या आकाराचा हॉर्सशू फॉल्स. म्हणजे नायगारा हा एक नव्हे, तीन धबधबे आहेत, हे घरी फोनवर सांगून भाव खायला हरकत नाही. बसनं गेलास की थेट मोठ्यासमोर उतरवतात, मग बाकीचे दोन लहान वाटतात आणि त्यांच्याकडं कुणी बघत पण नाही.

आता पैसे. धबधबा बघायला एक पैसाही लागत नाही, कठड्याला टेकून दिवसभर उभा रहा, कुणी विचारत नाही. पैसे लागतात ते बोटीला, बोगद्याला, झिपलाईनला, चाकाच्या पाळण्याला, मेणाच्या पुतळ्यांना. क्लिफ्टन हिल नावाचा एक चढ आहे तिथं तर नुसती जत्रा, भुताचं घर न् काय न् काय, माझ्या मते त्या बाजूला फिरकलं नाही तरी चालतंय. पाटीवरच्या किमतीवर १३ टक्के टॅक्स वेगळा चढतो हे तुला आता माहीतच असेल, पण तिथल्या काही हॉटेलांच्या बिलात टुरिझम फी की कसली फी म्हणून अजून एक आकार घुसवतात, तो सरकारी टॅक्स नव्हे, गोड बोलून काढायला सांगितला तर बऱ्याचदा काढतात. त्याहून बरं म्हणजे चपाती-भाजी, शेंगाची चटणी घेऊन जा आणि क्वीन व्हिक्टोरिया पार्कात हिरवळीवर बसून खा. समोर अमेरिकन फॉल्स. एवढ्या व्ह्यूचं हॉटेल परवडणार आहे काय कुणाला?

तिकिटाचं एकच काहीतरी कर. सगळेजण बोटीत बसतात, लाल पोंचो, म्हणजे सैल रेनकोट घालून २० मिनिटं भिजून येतात. पलीकडच्या अमेरिकन बोटीत निळे पोंचो असतात, वरून बघितलं की दोन देश रंगावरून ओळखू येतात. बोट वाईट नाही, हॉर्सशूच्या पोटात शिरल्यावर काही दिसत नाही, नुसतं पांढरं आणि आवाज, पण तेही एकदा अनुभवावं असंच आहे. तरी मला विचारशील तर मी जुन्या पॉवर स्टेशनचं तिकीट काढीन. १९०५ साली सुरू झालेलं वीजघर ते, पुढं बंद पडलं, २०२१ ला लोकांसाठी उघडलं आणि २०२२ ला त्याच्या खालचा बोगदा पण उघडला. आत मोठमोठे जनरेटर ओळीनं उभे आहेत. काचेच्या लिफ्टनं ५५ मीटर खाली उतरायचं आणि ६७० मीटरच्या बोगद्यातनं चालत जायचं. टर्बाइन फिरवून झालेलं पाणी याच बोगद्यातनं नदीत सोडायचे. बोगदा संपतो तिथं तू नदीच्या पातळीवर असतोस आणि हॉर्सशू फॉल्स बाजूलाच कोसळत असतो. तू इंजिनिअरिंगचा आहेस की कशाचा ते लिहिलं नाहीस, पण कशाचाही असलास तरी बघ.

आणि आता पाण्याचं टाइमटेबल. हे बहुतेकांना माहीत नसतं, तिथं दरवर्षी जाणाऱ्यांना सुद्धा. १९५० साली कॅनडा आणि अमेरिकेनं तह केला, की नदीचं पाणी विजेसाठी वळवायचं खरं, पण बघायला येणाऱ्या लोकांसाठी धबधब्यात किमान इतकं सोडायचंच. १ एप्रिल ते १५ सप्टेंबर सकाळी ८ ते रात्री १०, आणि १६ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर सकाळी ८ ते रात्री ८, या वेळात सेकंदाला किमान एक लाख घनफूट, म्हणजे २८ लाख लिटरच्या वर. बाकी वेळी, म्हणजे रात्री आणि अख्खा हिवाळा, त्याच्या निम्मं चालतं. वरच्या अंगाला नदीत दारं बसवलेला बांध आहे, त्यावरून हे सगळं सांभाळतात. म्हणजे कितीही भर उन्हाळ्यात गेलास तरी तुला दिसतं ते नदीचं साधारण निम्मं पाणी, उरलेलं बोगद्यांतून दोन्ही काठांवरच्या वीजघरांकडं जातं. मी हे एका ओळखीच्या गृहस्थांना सांगितलं तर त्यांचा चेहराच पडला, म्हणाले मग आम्ही बघितलं ते खोटं काय? खोटं कशाला, २८ लाख लिटर काय थोडं झालं? पण माहीत असलेलं बरं, कारण रात्रीचे रंगीत लाईट बघायला थांबणार असशील तर त्या वेळेच्या आत पाणी भरपूर असतं, नंतर आवाज सुद्धा उतरतो.

सकाळच्या गाडीनं गेलास की चालत हॉर्सशूपर्यंत पोचायला दुपार होते. ते बरंच आहे. कॅनडाच्या काठावरून इंद्रधनुष्य दुपारनंतर दिसतं, सूर्य तुझ्या पाठीमागं पश्चिमेला आणि तुषार समोर असले पाहिजेत ना, म्हणून. सकाळी तोच सूर्य डोळ्यावर असतो आणि फोटोत नुसता उजेड येतो. हॉर्सशूच्या कडेला टेबल रॉक म्हणून जागा आहे, तिथं पाणी अगदी कठड्याखालून सुटतं, तिथं जरा जास्त वेळ थांब. पडायच्या आधी पाणी काळपट-हिरवं, काचेसारखं सपाट असतं आणि कडेवरून वाकताना त्याचा हिरवा रंग एकदम उजळतो. फोटोत ते येत नाही. तिथं फोन खिशात ठेव.

फोटो काढायला माणसं काय कमी आहेत? एखादं म्हातारं जोडपं बघायचं, आधी त्यांचा फोटो तू काढून द्यायचा, मग ते तुझे चार काढतात. गळ्यात मोठा कॅमेरा लटकवलेला माणूस सापडला तर अजून उत्तम, तो तुला उभं कुठं रहायचं हे पण सांगतो. तेवढं झालं की घरच्यांना पाठव आणि मोकळा हो.

रोमिंग बंद ठेव. नदीच्या पलीकडं अमेरिकेचे टॉवर आहेत, फोन परस्पर तिकडचं नेटवर्क पकडतो आणि बिल वाढून बसतं. आणि परतीची शेवटची गाडी किंवा बस किती वाजता हे फोनमध्ये नाही, कागदावर लिहून खिशात ठेव, फोटो काढून काढून संध्याकाळी बॅटरी संपलेली असते. अजून एक गंमत, टोरंटोहून न्यूयॉर्कला जाणारी मेपल लीफ म्हणून एक गाडी आहे, ती पण याच स्टेशनवर थांबते आणि मग पूल ओलांडून अमेरिकेत जाते. त्यात झोप लागली तर उठशील तो थेट इमिग्रेशनवाल्यासमोर. तू गोच्या गाडीनंच जा.

प्रश्न : माझी मुलगी तिकडं शिकते, २१ वर्षांची आहे. ती आता एकटीच नायगारा बघायला जाते म्हणते. तिचे बाबा काही बोलत नाहीत, पण मला झोप लागत नाही. नको म्हणून कसं सांगू? — एक आई, निपाणी

उत्तर : ताई, नको म्हणून सांगू नका. सांगितलंत तरी ती जाणार आणि मग तुम्हाला न सांगता जाणार, ते जास्त वाईट. पोरगी एकटी विमान बदलत बदलत अर्धं जग ओलांडून गेली, दोन तासाची रेल्वे तिला जड नाही. जागा गर्दीची आहे, दिवसा तर रंकाळ्यावर रविवारी असतात त्याहून जास्त माणसं, पोलीस असतात, दिवे असतात.

तुमची भीती माणसांची आहे, मला विचाराल तर मी पाण्याची काढीन. २०११ च्या ऑगस्टमध्ये टोरंटोत शिकणारी जपानची एक १९ वर्षांची विद्यार्थिनी कठड्यावर चढून बसली होती, उठताना तोल गेला आणि ती थेट नदीत पडून धबधब्यावरून वाहून गेली. संध्याकाळची वेळ, सगळे लोक आजूबाजूला. म्हणून मुलीला दहा सूचना देऊ नका, एकच द्या, की कठड्यावर बसायचं नाही, चढायचं नाही, फोटोसाठी सुद्धा नाही आणि कुणी हसलं तरी नाही. आपल्याकडं तर ही गोष्ट कुणाला समजावून सांगायला नकोच, पावसाळ्यात धबधब्यावर सेल्फी काढताना पाय घसरल्याची बातमी दरवर्षी पेपरात असतेच आणि खानापूरच्या जंगलातल्या धबधब्यांवर वनखात्यानं बंदी घातली की आपणच शिव्या देतो.

बाकी तिच्याकडून तीनच मेसेज मागा, गाडीत बसल्यावर, तिथं पोचल्यावर आणि परत गाडीत बसल्यावर. वेळेचा हिशेब मात्र नीट करा. उन्हाळ्यात त्यांचे सकाळचे अकरा म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. ती रात्री दहाच्या गाडीत बसली तर तुमच्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात वाजलेले असणार. मध्यरात्री उठून "अजून परत कशी निघाली नाही" म्हणून फोन करत बसाल तर तिच्याकडं भर दुपार असेल आणि ती बिचारी कुठंतरी पोंचो घालून रांगेत उभी असेल. झोपा तुम्ही.

प्रश्न : मी संकेश्वरचा, बफेलोला एमएस करतोय. सगळे म्हणतात खरा व्ह्यू कॅनडाच्या बाजूनं. पुलावरून चालत जाऊन संध्याकाळी परत आलो तर चालतं काय? — एक वाचक, बफेलो

उत्तर : चालत जाता येतं, पूल पायी ओलांडू देतात, पण तुझा पासपोर्ट भारताचा आहे ना, मग कॅनडाचा व्हिसा हातात पाहिजे. तासाभरासाठी जातो, लगेच येतो, असलं काही तिथं ऐकत नाहीत. आणि परत येताना आय-ट्वेंटीवर, म्हणजे कॉलेजनं दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर, कॉलेजची ट्रॅव्हल सही ताजी असायला हवी, तुझ्या अमेरिकन व्हिसाची तारीख पण बघ. त्यामुळं पुलावर जायच्या आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन विचार, माझ्यासारख्या मावशीच्या भरवशावर बॉर्डर ओलांडू नको. कॅनडात शिकणाऱ्यांनाही हेच उलट्या बाजूनं लागू आहे, अमेरिकेचा व्हिसा नसेल तर पुलाकडं नुसतं बघायचं.

पण व्हिसा नाही म्हणून रडायचं कारण नाही. कॅनडाकडून समोरून दिसतं खरं, तुझ्याकडून जवळून दिसतं. बफेलोहून ४० नंबरची बस जाते. १८८५ साली केलेलं तिथलं स्टेट पार्क अमेरिकेतलं सगळ्यात जुनं, आत शिरायला तिकीट नाही. गोट आयलंडवर चालत जा, ते बेट दोन धबधब्यांच्या बरोबर मध्ये आहे, टेरापिन पॉइंटला हॉर्सशूची कड हाताच्या अंतरावर येते. केव्ह ऑफ द विंड्स म्हणून लाकडी जिने आहेत, ब्रायडल व्हेलच्या अगदी पायथ्याशी नेतात, वरच्या डेकवर पाणी अंगावर असं आपटतं की उभं रहायला जमत नाही. कॅनडावाल्यांना हे नाही. सकाळी लवकर जा, सूर्य तुझ्या पाठीशी असतो, इंद्रधनुष्य तुझं.

प्रश्न : आमच्या गोकाकला भारताचा नायगारा म्हणतात. मग एवढे डॉलर खर्चून तिकडचा बघण्यात काय विशेष? उंचीत किती फरक आहे ते एकदा सांगाच. — एक अभिमानी वाचक, घटप्रभा

उत्तर : काका, उंचीत तुम्ही फार मागं नाही. गोकाकला घटप्रभा ५२ मीटर खाली पडते, हॉर्सशू फॉल्स ५७ मीटर. पाच मीटरचा फरक! आणि अमेरिकन फॉल्सचं पाणी तर खाली पडलेल्या दगडांच्या ढिगावर आपटतं, मोकळी उडी बऱ्याच ठिकाणी २१ ते ३४ मीटरचीच, म्हणजे त्याला गोकाकनं कधीच हरवलंय. आकार पण तसाच नालेसारखा. आणि उंचीवरच जायचं असेल तर आपल्या शेजारचा दूधसागर ३१० मीटर आणि जोग २५३ मीटर, त्यांच्यापुढं नायगारा बुटका. उंचीच्या यादीत नायगाऱ्याला कुणी विचारत सुद्धा नाही.

मग एवढं नाव कशाचं? पाण्याचं, आणि ते बारा महिने असतं त्याचं. हे मी वर्गात शिकवायची तेव्हा पोरांना खरं वाटायचं नाही. घटप्रभा पावसावर चालते, जून ते सप्टेंबर तांबडं पाणी धो धो, मग वरच्या हिडकल धरणात अडवतात, धुपदाळच्या बंधाऱ्यातनं कालव्याला जातं आणि एप्रिलमध्ये गोकाकला गेलं की नुसता दगड दिसतो. नायगाऱ्याच्या वर सुपीरिअर, मिशिगन, ह्युरॉन आणि ईरी अशी चार सरोवरं आहेत, एकेक समुद्रासारखं. पाऊस कमी-जास्त झाला तरी त्या सरोवरांची पातळी लगेच हलत नाही, म्हणून नदीचं पाणी वर्षभर जवळपास सारखं. गाळ पण सरोवरांतच बसतो, म्हणून तिकडचं पाणी हिरवं आणि आपलं तांबडं.

दगड वेगळा. नायगाऱ्याला वर डोलोमाइटचा कठीण थर आणि खाली मऊ शेल, पाणी खालचा मऊ दगड कोरतं आणि वरची कड लोंबकळून तुटते. असं करत करत १२ हजार वर्षांत तो धबधबा जवळजवळ ११ किलोमीटर मागं सरकलाय, तुम्ही कडेनं चालता ती अख्खी घळ म्हणजे त्याची मागं सोडलेली वाट. पूर्वी वर्षाला मीटरभर मागं जायचा, आता पाणी वळवल्यामुळं आणि बंदोबस्त केल्यामुळं फुटभरावर आलाय. १९६९ साली तर अमेरिकेनं आपल्या बाजूचा धबधबा काही महिने चक्क बंद केला होता, पाणी अडवून, खालचे दगड उचलता येतात काय बघायला. शेवटी दगड राहू दे म्हणाले.

आणि एका बाबतीत गोकाक मागं नाही, ते मात्र अभिमानानं सांगा. धबधब्याच्या पाण्यावर गिरणीसाठी वीज तयार करण्याचं काम गोकाकला १८८७ च्या सुमारास झालं असं सांगतात. नायगाऱ्याचं टेस्ला या शास्त्रज्ञाच्या पद्धतीचं मोठं, गाजलेलं वीजघर १८९५ चं. तिकडं टेस्लाचा पुतळा उभा केलाय, आपल्याकडं त्या गिरणीचं जुनं वीजघर बघायला कुणी जात नाही, लोक झुलत्या पुलावर फोटो काढतात आणि भजी खाऊन परत येतात. त्यामुळं काका, तिकडचा बघण्यात विशेष काय म्हणून विचारू नका, नातू तिकडं असेल तर त्याला दोन्ही बघू दे. आधी गोकाक बघितलेलं पोरगं नायगाऱ्यावर जास्त प्रश्न विचारतं, हे माझं निरीक्षण.

प्रश्न : मला डिसेंबरच्या सुट्टीतच वेळ आहे. तेव्हा धबधबा गोठतो म्हणे, मग जाण्यात अर्थ आहे काय? — एक विद्यार्थिनी, चिकोडी (सध्या ऑन्टारिओ)

उत्तर : गोठत नाही गे. वरचे तुषार गोठतात, झाडं, कठडे, दिव्याचे खांब सगळे पांढरे होतात, अमेरिकन फॉल्सवर बर्फाचे मोठाले लोंब तयार होतात आणि व्हॉट्सॲपवर "नायगारा गोठला" म्हणून फोटो फिरतो, पण आतून पाणी वाहतच असतं. ते खरोखर थांबलं होतं १८४८ च्या मार्चअखेरीस, आणि तेही थंडीनं गोठून नाही, ईरी सरोवराच्या तोंडाशी बर्फाचे तुकडे येऊन अडकले आणि नदीत पाणीच आलं नाही. लोक कोरड्या पात्रात उतरून जुन्या बंदुका-संगिनी गोळा करत होते म्हणतात. पुढं बर्फ फुटला आणि पाणी परत आलं. पूर्वी हिवाळ्यात खाली नदीवर बर्फाचा जाड थर जमायचा तेव्हा लोक त्यावर हिंडायला पण जायचे, १९१२ साली तो फुटून तीन माणसं गेली, तेव्हापासून बंदी.

डिसेंबरात बोट बंद असते, वर सांगितल्याप्रमाणे पाणी निम्मं असतं आणि पाच वाजायच्या आत अंधार पडतो. पण गर्दी नाही, आणि अंधार लवकर पडतो म्हणजे रंगीत लाईट बघून पण लवकरच्या गाडीनं परत येता येतं, उन्हाळ्यात त्यासाठी रात्री नऊ-दहापर्यंत थांबावं लागतं. तू जा. धबधब्याच्या मागचा बोगदा म्हणजे जर्नी बिहाइंड द फॉल्स चालू असला तरी बर्फामुळं आतली काही तोंडं बंद ठेवतात, तिकीट काढायच्या आधी खिडकीवर काय उघडं आहे ते विचार, नाहीतर पैसे देऊन बर्फाची भिंत बघून येशील. पॉवर स्टेशन आत आहे, ऊब असते, थंडी फारच लागली तर तिथं. गाड्या हिवाळ्यात कमी असतात, येण्या-जाण्याच्या दोन्ही वेळा आधी ठरव. हातमोजे दोन जोड घे, एक भिजतोच. आणि कॉलेजला घालतेस ते कॅनव्हासचे बूट नकोत, टेबल रॉकपाशी तुषार फरशीवर पडून गोठतात, मीठ टाकलेलं असतं तरी घसरतं, तळाला खाचा असलेले स्नो बूट तुझ्याकडं नसले तर रूममेटचे मागून घे.